फेबियन, अँड्र्यू क्रिस्टोफर

फेबियन, अँड्र्यू क्रिस्टोफर : (जन्म 1948). ब्रिटिश खगोलभौतिकीविज्ञ. दीर्घिकांच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरे आणि दीर्घिकासमूहांत पसरलेला तप्त वायू यांचा क्ष-किरण वर्णपटाद्वारे अभ्यास हे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र. केंब्रिज विद्यापीठाच्या खगोलविज्ञान संस्थेत त्यांचे बहुतेक संशोधन झाले व 2013 ते 2018 या काळात ते तिचे संचालक होते. 2020 चा खगोलभौतिकीचा काव्ली पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या कामाची ओळख सहसा शोधांची यादी देऊन केली जाते. तिच्यातून मुख्य अडचण मात्र दिसत नाही : वर्णपटातला एकच वक्र दोन अगदी वेगळ्या कारणांनी काढता येतो. तेव्हा निवाडा करायला वर्णपटाबाहेरचा साक्षीदार लागतो, आणि फेबियन यांचे खरे कर्तृत्व तो शोधण्यात आहे.

कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू त्याच्याभोवती चकतीसारखा फिरतो. विवराजवळच्या अतितप्त किरीटातून निघालेले क्ष-किरण या चकतीवर आदळतात आणि लोहाच्या अणूतील सर्वांत आतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. रिकामी जागा वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन भरतो व 6.4 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा क्ष-किरण बाहेर पडतो. लोहच का, तर ते विश्वात विपुल आहे आणि अशा वेळी क्ष-किरण बाहेर टाकण्याची त्याची क्षमता कार्बन-ऑक्सिजनसारख्या हलक्या मूलद्रव्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. प्रयोगशाळेत ही रेषा बारीक दिसते. विवराजवळ मात्र चकतीची आपल्याकडे येणारी बाजू उजळते व तिची रेषा जास्त ऊर्जेकडे सरकते, दूर जाणारी बाजू मंदावते आणि गुरुत्वाकर्षण सगळ्याच रेषेला कमी ऊर्जेकडे खेचते. परिणामी एका बाजूला टोकदार शेंडा आणि दुसऱ्या बाजूला लांब उतरती शेपूट असा आकार तयार होतो. हंस तारकासमूहातील सिग्नस एक्स-1 या स्रोतासाठी फेबियन व सहकाऱ्यांनी 1989 मध्ये हे गणित मांडले. 1995 मध्ये यासुओ तानाका यांच्या नेतृत्वाखालील गटाने, ज्यात फेबियनही होते, जपानच्या आस्का उपग्रहाच्या निरीक्षणांतून एमसीजी-6-30-15 या दीर्घिकेत तीच शेपूट दाखवली. शेपूट जितकी लांब, तितका चकतीचा आतला काठ विवराच्या जवळ. आणि तो काठ किती जवळ जाऊ शकतो हे विवराच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यावर ठरते. विवराची फिरकी मोजण्याची वाट अशी खुली झाली.

यावरचा आक्षेप मुळीच किरकोळ नव्हता. लान्स मिलर, जेन टर्नर व जेम्स रीव्ह्ज यांनी 2008 मध्ये दाखवले की स्रोतासमोर वायूचे ढग असतील आणि त्यांनी तो अर्धवट झाकला असेल, तर ते कमी ऊर्जेचे किरण शोषून घेतात व उरलेला वक्र हुबेहूब शेपटीसारखा वाकतो. मग विवराचा काठ, फिरकी, सापेक्षता यांपैकी कशाचीच गरज उरत नाही. अशा ढगांच्या पडद्याचे थर पुरेसे वाढवले की कोणताही वर्णपट जुळवता येतो, हे उत्तर वादात बरे वाटते. पण प्रतिमान गुंतागुंतीचे आहे म्हणून ते खोटे ठरत नाही. खरे उत्तर घड्याळाने दिले. 1एच0707-495 या दीर्घिकेच्या एक्सएमएम-न्यूटन उपग्रहाने घेतलेल्या प्रदीर्घ निरीक्षणांत फेबियन यांच्या गटाला 2009 मध्ये आढळले की मूळ किरणांत चढउतार झाला की लोहाच्या कमी ऊर्जेच्या रेषेत तो सुमारे 30 सेकंद उशिरा उमटतो. प्रकाश तेवढ्या वेळात 90 लाख किलोमीटर जातो. म्हणजे परावर्तन करणारा वायू विवराला चिकटूनच असला पाहिजे. दूरच्या ढगांतील विकिरणानेही असा विलंब दिसू शकतो, असे प्रत्युत्तर आले. पण 2012 मध्ये एनजीसी 4151 या दीर्घिकेत रेषेची शेपूट आधी आणि शेंडा नंतर प्रतिसाद देतो असे आढळले, आणि आतला वायू आधी उजळत असेल तर नेमका हाच क्रम अपेक्षित आहे. दूरच्या ढगांना हा क्रम सहजी जमत नाही. फिरकीच्या नेमक्या आकड्यांबद्दल मात्र सावध राहिलेले बरे; ते चकती व किरीट यांच्याविषयी गृहीत धरलेल्या रचनेवर अवलंबून असतात.

दुसऱ्या क्षेत्रात वर्णपटाने फेबियन यांच्या अपेक्षेलाच धक्का दिला. दीर्घिकासमूहाच्या गाभ्यातील दाट वायू क्ष-किरण टाकत थंड होत जाईल व केंद्राकडे झिरपेल, असे त्यांनी पॉल नल्सेन यांच्यासह 1977 मध्ये मांडले होते. मोठ्या समूहांत दरवर्षी शेकडो सूर्यांइतका वायू थंड व्हायला हवा होता. 2001 च्या सुमारास एक्सएमएम-न्यूटनचे वर्णपट आले, तेव्हा साधारण एक कोटी अंशांखालील वायूच्या रेषा अपेक्षेच्या मानाने फारच फिक्या निघाल्या. वायू पुन्हा तापत असणार, हे उघड होते. 2003 मध्ये ययाति समूहाच्या चंद्रा दुर्बिणीने घेतलेल्या प्रतिमांत फेबियन यांच्या गटाला केंद्रीय कृष्णविवरापासून निघालेल्या तरंगांची वलये दिसली. त्यांनी ती वायूला तापवणारे ध्वनितरंग मानली. 2016 मध्ये अल्पायुषी हितोमी उपग्रहाने त्याच गाभ्यातील वायूच्या खळबळीचा वेग सेकंदाला सुमारे 164 किलोमीटर मोजला. हा वेग बेताचाच आहे; अशी खळबळ उष्णता लांबवर वाहून नेऊ शकत नाही, म्हणून ध्वनितरंगांची कल्पना टिकून राहिली.

2022 पासून मात्र फेबियन म्हणतात की थंड होणारा वायू काही प्रमाणात आहेच, फक्त तो थंड ढगांच्या शोषक पडद्याआड दडला आहे. लोहरेषेच्या वादात विरोधकांनी पुढे केलेला पडदा इथे त्यांनी स्वतः वापरला, ही विसंगती नव्हे का? पडदा वापरणे चूक नाही, तपासणी टाळणे चूक ठरले असते. शोषलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. ती दूर-अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडायला हवी, आणि अनेक समूहांच्या मध्यवर्ती दीर्घिकांत तेवढी अवरक्त दीप्ती आढळते. इतके झाले तरी हा साक्षीदार त्या 30 सेकंदांइतका बोलका नाही. दीप्ती पुरेशी आहे एवढेच तो सांगतो. ती ताऱ्यांच्या निर्मितीची की दडलेल्या वायूची, हे सांगत नाही.