भिवंडी परिसरातील खाडीपक्षी

भिवंडी परिसरातील खाडीपक्षी म्हणजे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील भिवंडीलगतच्या खाडीकाठी, चिखलपट्ट्यांवर, कांदळवनांत व मिठागरांत आढळणारे समुद्री आणि पाणथळ पक्षी होत. भिवंडी शहर कामवारी नदीकाठी, उल्हास नदीच्या खाडीजवळ वसलेले आहे. ही खाडी वसईजवळ अरबी समुद्रास मिळते. दक्षिणेकडील ठाणे खाडी या पक्ष्यांचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण आहे. यांतील अनेक जाती हिवाळी पाहुण्या असल्याने विणीच्या काळातील रंगांपेक्षा चोच, पाय, पंख व भक्ष्य टिपण्याची पद्धत ओळखीसाठी अधिक भरवशाची ठरते.

निरीक्षणाचा काळ

बहुतेक स्थलांतरित पक्षी ऑक्टोबर ते मार्च या काळात दिसतात. ओहोटीला ते उघड्या चिखलावर दूरवर विखुरतात. भरतीचे पाणी चढू लागले की ते काठाजवळ सरकतात व मिठागरांत थव्याने विसावतात. त्यामुळे भरतीच्या आधीचा व नंतरचा काळ निरीक्षणास सोयीचा असतो.

कुरव आणि सुरय

कुरवाचे पंख रुंद असतात. तो बहुधा पाण्याच्या पृष्ठभागावरून खाद्य उचलतो. सुरयाचे पंख अरुंद व टोकदार असून अनेक जाती पाण्यात सूर मारतात. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा कुरव ही नावे विणीच्या पिसाऱ्यावरून पडली आहेत. हिवाळ्यात दोघांचेही डोके पांढरे होते व डोळ्यामागे केवळ गडद ठिपका उरतो. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या काळ्या पंखटोकांवर पांढरे ठिपके असतात व त्याचा डोळा फिकट असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी दिसते व डोळा गडद असतो.

बगळे

लहान बगळ्याची चोच व पाय काळे, तर बोटे पिवळी असतात. समुद्रबगळा राखी-काळ्या व पांढऱ्या अशा दोन्ही रूपांत आढळतो. राखी-काळ्या रूपाचा गळा पांढरा असतो. पांढऱ्या रूपाची लहान बगळ्याशी गल्लत होते. मात्र समुद्रबगळ्याची चोच अधिक जाड व पिवळसर-तपकिरी असते.

चिखलातील पक्षी

शेकाट्याचे पाय लांब व गुलाबी, चोच सरळ व काळी असते. उचाट्याची चोच टोकाशी वर वळलेली असते. कर्ल्यूची चोच फार लांब व खाली वाकलेली असते. व्हिम्ब्रेलची चोच तुलनेने आखूड असून डोक्यावर गडद पट्टे असतात. काळ्या शेपटीचा पाणटिवळा उडताना पंखांवर पांढरा पट्टा दिसतो.

रोहित

मोठ्या रोहिताची चोच गुलाबी व टोकाशी काळी असते. छोट्या रोहिताची चोच जवळजवळ संपूर्ण गडद लाल असते. दोन्ही जातींची पिल्ले करड्या रंगाची असल्याने तेथे चोच व उंची पाहावी लागते.

महत्त्व व संवर्धन

ठाणे खाडीचा भाग 2015 मध्ये रोहित अभयारण्य घोषित झाला व 2022 मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आला. एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी 1 टक्का पक्षी नियमितपणे आश्रयास असणे हा रामसर दर्जाचा एक निकष आहे. म्हणून गणना जातीनिहाय व्हावी लागते. छोटा रोहित जागतिक यादीत संकटसमीप, तर मोठा रोहित धोक्याबाहेरचा मानला जातो; दोघांची एकत्र नोंद केल्यास छोट्या रोहिताची घट लक्षात येत नाही. भराव, सांडपाणी व कांदळवनांची तोड हे या अधिवासापुढील मुख्य धोके आहेत.