दोन लारेडो आणि एक पूल

नदीला आपण आई म्हणतो. एका तीरावर माहेर आणि दुसऱ्या तीरावर सासर असले, तरी तिच्यावरची नाव दोन्ही घरांचे निरोप पोचविते. पण राज्यकर्त्यांनी त्याच नदीला सरहद्द ठरविले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी वाचकांनी माझ्याबरोबर थोडे दूर, अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवर यावे.

लारेडो हे गाव टोमास सांचेझ याने १७५५ साली स्पेनच्या अमदानीत वसविले. जवळून वाहणाऱ्या नदीला अमेरिकन लोक रिओ ग्रँड म्हणतात, मेक्सिकन लोक रिओ ब्राव्हो. १८४६ साली या दोन देशांत युद्ध जुंपले, आणि १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहाने ही नदी सीमा झाली. लारेडोची माणसे जागची हलली नव्हती; देशच त्यांच्या पायांखालून सरकला. ज्यांना मेक्सिकन म्हणूनच राहायचे होते, अशी काही कुटुंबे पैलतीरी गेली आणि त्यांनी नुएव्हो लारेडो, म्हणजे नवे लारेडो, वसविले. जाताना त्यांनी पूर्वजांची हाडेही उकरून बरोबर नेली, अशी तेथली आख्यायिका आहे.

परंतु व्यापाराला पैलतीर परका नसतो. पूल झाले, १९५४ च्या महापुरात एक वाहूनही गेला, पुन्हा बांधला. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांचा मुक्त व्यापाराचा करार अमलात आला, आणि मालमोटारींचा लोंढा सुरू झाला. त्या भर गावातून जात. धूर, कर्णे, खोळंबा! करार कागदावर झाला, त्याचा भार मात्र गल्ल्यांनी सोसला.

अखेर २००० सालच्या एप्रिलमध्ये गावाबाहेर, वरच्या अंगाला, आठ पदरी ‘वर्ल्ड ट्रेड ब्रिज’ खुला झाला. तो केवळ मालवाहतुकीसाठी. मेक्सिकोच्या आतल्या भागातून आलेला माल नुएव्हो लारेडोत थांबतो, जकातीचे दलाल कागदपत्रे करतात, लहान पल्ल्याची गाडी तो पूल ओलांडून नेते, तपासणी होते, आणि तेथून अमेरिकन गाडी त्याला उत्तरेच्या महामार्गाला लावते. गावाला श्वास घेता आला. व्यापार इतका वाढला, की २०२३ साली अमेरिकेला सर्वाधिक माल पुरविणारा देश म्हणून मेक्सिकोने चीनलाही मागे टाकले.

मी शाळेत इतिहास शिकवितो. तहांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतो. पण तहाने काय तोडले आणि पुलाने काय जोडले, याचा जमाखर्चही मांडला पाहिजे, असे मला वाटते. पुलाने भाकरी दिली, हे खरेच. तरी मोटारीचा एखादा सुटा भाग गाडी पुरी होईपर्यंत ही सीमा अनेकदा ओलांडतो, आणि पैलतीरीच्या बहिणीला भेटायला निघालेल्या भावाला मात्र परवान्यासाठी रांगेत उभे राहावे लागते. मालाची वाट रुंद झाली. माणसाची अजून अरुंदच आहे.