लॉबीच्या छतावरची पांढरी बशी

स्मरणिका समितीच्या बैठकीत विषय वाटून घेतले गेले, तेव्हा पाण्याची टाकी, लिफ्ट आणि गणपती हे मानाचे विषय माझ्या आधीच लोकांनी पटकावले होते. माझ्या वाट्याला आलं वाय-फाय. "तेव्हा तुम्हीच खजिनदार होतात, तुम्हीच लिहा," असं सेक्रेटरीताई म्हणाल्या. वाय-फायचा कसला आलाय इतिहास, असं मलाही आधी वाटलं. मग जुनी मिनिट्स बुकं काढून बसलो आणि लक्षात आलं की गेल्या पंचवीस वर्षांत पाण्याखालोखाल आपण कशावर भांडलो असू तर यावरच.

ए विंगच्या लॉबीत, लिफ्टसमोर छताला एक पांढरी बशी उलटी चिकटवल्यासारखी दिसते. कडेला बारीक निळा दिवा आहे. पाहुण्यांना तो आगीचा अलार्म वाटतो. त्या बशीला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. नाव बिनतारी, पण तिच्या पाठीत एक केबल खुपसलेली आहे. ती केबल छतावरच्या पट्टीतून डक्टमध्ये आणि तिथून सोसायटी ऑफिसमधल्या पेटीत जाते. बिनतारी काय ते फक्त शेवटचे दहा-पंधरा मीटर. बाकी सगळी तारच आहे आणि आपली भांडणंही बहुतेक त्या तारेचीच.

२००० साली आपण राहायला आलो तेव्हा इंटरनेट म्हणजे टेलिफोन. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं, पण आपल्या इमारतीत सुरुवातीला मोडेम असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी. जोडणी लागताना मोडेम जो आवाज काढायचा तो भिंतीपलीकडे ऐकू जायचा. नेट चालू म्हणजे फोन एंगेज. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना गावाहून फोन लागेना म्हणून त्यांच्या भाच्याने घाबरून शेजारच्या घरी फोन केला होता. नातू नेटवर होता, एवढंच.

त्यानंतर केबलवाल्यांचा जमाना आला. गच्चीवरून गच्चीवर निळी वायर, मध्ये प्लास्टिकच्या डब्यात छोटा स्विच आणि तिथून डक्टमधून घरोघरी. तांब्याच्या असल्या वायरीवर सिग्नल शंभर मीटरपर्यंत भरवशाचा, म्हणून दर थोड्या अंतरावर असा एक डबा. पावसाळ्यात वीज कडाडली की डबा गेला. उंदीर तर बारमाही. सरकारच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस वेगाला 'ब्रॉडबँड' म्हटलं, आणि २००५ मध्ये ट्रायबँड आल्यावर फोन आणि नेट एकाच वायरीवर एका वेळी चालू लागलं. आजींचा प्रश्न तेव्हा सुटला.

वायरलेसचा जन्म मात्र आपल्या सोसायटीच्या बराच आधीचा. हवाई बेटांवर विद्यापीठाच्या शाखा वेगवेगळ्या बेटांवर होत्या आणि समुद्रातून वायर टाकणं परवडणारं नव्हतं. नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये रेडिओवरून संगणक जोडले. त्यांची युक्ती साधी होती. ज्याला बोलायचं त्याने बोलावं. दोघे एकदम बोलले आणि गोंधळ झाला, तर दोघांनी गप्प बसून वेगवेगळा वेळ थांबावं आणि पुन्हा बोलावं. वाय-फायने त्यात भर घातली, की आधी कान देऊन ऐकावं, कोणी बोलत नसेल तरच तोंड उघडावं. आपल्या जनरल बॉडीत हा नियम अजून आलेला नाही.

१९८५ मध्ये अमेरिकेने काही रेडिओ पट्टे विनापरवाना वापरासाठी मोकळे केले. त्यात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता. आपल्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो तोच हा पट्टा. म्हणून तर पोळी गरम करायला ठेवली की शेजारच्या खोलीतला व्हिडिओ अडखळतो. १९९७ मध्ये ८०२.११ हे प्रमाणक ठरलं, तेव्हा वेग सेकंदाला जेमतेम दोन मेगाबिट. १९९९ मध्ये तो अकरा झाला आणि 'वाय-फाय' हे नावही त्याच वर्षी एका नावं ठेवणाऱ्या कंपनीकडून विकत घेतलं गेलं. त्याचा लांबलचक अर्थ पुष्कळ जण सांगतात, पण ते नुसतं कानाला बरं वाटणारं नाव आहे.

आपल्याकडे रेडिओ लहरी म्हणजे सरकारचा मामला. जुन्या सभासदांना आठवत असेल, साध्या रेडिओचंही लायसन्स पोस्टात जाऊन भरावं लागायचं. १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा तेव्हाही होता. शेवटी जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणं परवान्याशिवाय वापरायला मोकळीक मिळाली. मग घरोघरी दोन शिंगांचे राउटर आले. जोडून देणारा मुलगा पासवर्ड न लावताच निघून जायचा आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या नेटवर पाचवा मजला चालायचा. तेव्हा आम्ही त्याला शेजारधर्म म्हणायचो.

तो शेजारधर्म २००८ मध्ये संपला. २६ जुलैला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता आणि तपास येऊन थांबला आपल्या नवी मुंबईत, एका घरातल्या बिनपासवर्डच्या वाय-फायवर. त्या घरातल्या माणसाचा ईमेलशी काही संबंध नव्हता, तरी चौकशी त्याचीच झाली. पुढच्या दोन महिन्यांत तसेच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय शोधायची मोहीम जाहीर केली आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सुरक्षेच्या सूचना काढल्या. आपल्या नोटीस बोर्डावरही नोटीस लागली. एका रविवारी आम्ही तिघे घरोघर फिरलो. कोणाकडे पासवर्ड नव्हता, कोणाकडे होता तर जुन्या डब्ल्यूईपी पद्धतीचा, जी २००१ सालीच फोडून दाखवली गेली होती. आम्ही सगळीकडे डब्ल्यूपीए-२ लावून दिलं. त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट घट्ट बसली, की आपल्या वाय-फायवर अनोळखी माणूस नको. पुढच्या हकिगतीत ती येते.

सोसायटीचं स्वतःचं वाय-फाय असावं, हा विषय २०१९ च्या वार्षिक सभेत आला. सीसीटीव्ही बसले होते, हॉल भाड्याने जात होता, ऑफिसात बिलं ऑनलाइन झाली होती. सातव्या मजल्यावरचे आजोबा लहरींच्या धोक्याबद्दल बोलले. असल्या बशीची शक्ती साधारण शंभर मिलिवॉट, आणि आपण कानाला लावतो तो फोन दूरच्या टॉवरशी बोलताना दोनशेपर्यंत जातो, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग फोनही बंद करा." ठराव बहुमताने मंजूर झाला. त्यात एक ओळ होती: 'सदर सुविधा फक्त सभासद, भाडेकरू व त्यांचे पाहुणे यांच्यासाठीच राहील.' सूचक म्हणून नाव माझं आहे.

बसवण्याची गंमत लिहायलाच हवी. पहिली बशी आम्ही मीटर रूममध्ये बसवली, चोरीला जाऊ नये म्हणून. मीटर रूमला लोखंडी दार आणि चारही बाजूंनी आरसीसीच्या सळ्या. दाराबाहेर पाऊल टाकलं की सिग्नल गायब. वायरमन हसून म्हणाला, "काका, दिवा कपाटात ठेवून उजेड मागताय." मग ती काढून लॉबीच्या छताला लावली. ही बशी छताला लावली की सिग्नल छत्रीसारखा खाली आणि चहूबाजूंना पसरतो. भिंतीवर उभी लावली तर तोच सिग्नल निम्मा वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये वाया जातो. वीजही त्याच नेटवर्क केबलमधून वर जाते, त्यामुळे छतावर वेगळा पॉइंट काढावा लागला नाही. लिफ्टच्या शाफ्टपलीकडे मात्र काही पोहोचेना. शेवटी हॉलमध्ये दुसरी बशी लावावी लागली.

केबलच्या टोकाला पिन बसवताना आठ रंगांच्या तारा क्रमाने लावाव्या लागतात: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वायरमन हे स्तोत्रासारखं पुटपुटत होता आणि बी विंगमधली दोन मुलं त्याच्या मागे म्हणत होती.

मांडणीत दोन गोष्टी शिकलो. पहिली चॅनेलची. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मोबाइलवर पाहिलं तर अख्खी इमारत ६ वर गर्दी करून बसलेली. आम्ही लॉबी ११ वर नेली, हॉल १ वर. दुसरी शक्तीची. मला वाटलं होतं जोर पूर्ण लावावा. पण बशी कितीही मोठ्याने ओरडली तरी फोनचा आवाज बारीकच. त्याला ऐकू येतं, पण त्याचं उत्तर परत पोहोचत नाही. जोर कमी केला आणि तक्रारी कमी झाल्या.

आणि एक दिवस सगळंच बंद. ऑफिसचं, सीसीटीव्हीचं, हॉलचं. दोन दिवस शोधलं. अखेर कळलं, हॉलमध्ये वाढदिवसाला कोणीतरी घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडला होता आणि तसाच विसरून गेला होता. नेटवर्कमध्ये येणाऱ्या प्रत्येक यंत्राला पत्ता देणारा एकच असावा लागतो. इथे दोघे पत्ते वाटत होते, आणि दुसऱ्याच्या पत्त्यांवरून बाहेर जायची वाट नव्हती. तो राउटर कोणाचा, हे आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. जूनमध्ये शाळा मोबाइलवर सुरू झाल्या. एका सकाळी ग्रुपवर फोटो आला: आपल्या वॉचमनची मुलगी, नववीतली, लॉबीच्या पायरीवर बशीखाली वही घेऊन बसलेली. पासवर्ड तिला कोणी तरी दिला होता. फोटोखाली कोणीतरी २०१९ च्या ठरावातली ती ओळ जशीच्या तशी लिहिली आणि विचारलं, "हे कोणाच्या परवानगीने?"

ज्यांनी विचारलं ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. ओळ माझी होती आणि भीतीही माझ्याकडूनच त्यांच्यात गेली होती. त्या रविवारी मीच दारोदार सांगत फिरलो होतो. त्या दिवशी दुपारी मी ग्रुपवर "नियम नियम आहे" असं लिहिलं, पासवर्ड बदलला, आणि संध्याकाळी खाली गेलो तर पायरी रिकामी होती. वॉचमनने नेहमीसारखा नमस्कार केला. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही.

यानंतर व्हिडिओवर तीन बैठका झाल्या. अर्ध्या लोकांचा आवाज बंद, उरलेले एकदम बोलत. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्या शिक्षिका आहेत, त्यांनी शेवटी विचारलं, "धोका कशाचा आहे ते एकदा नीट सांगा. अनोळखी माणसाचा ना? ही मुलगी आपल्याला पाच वर्षं माहीत आहे." त्याला उत्तर नव्हतं. त्याच बशीवर तिसरं नेटवर्क काढलं. सीसीटीव्ही आणि ऑफिसपासून पूर्ण वेगळं, ज्यांचे फोन वहीत नोंदवले त्यांच्यासाठीच, सकाळी आठ ते दुपारी दोन. हे सेटिंग करायला मला अर्धा तास लागला.

पुढे कामाला येणाऱ्या मावशींची मुलंही येऊ लागली. कधी सात-आठ जण, मास्क लावून, एकेक पायरी सोडून. सगळ्यांचे वर्ग एकदम सुरू झाले की चित्र अडकायचं, कारण हवा एकच आणि एका वेळी एकानेच बोलायचं. मग मुलांनीच ठरवलं की ज्याची परीक्षा असेल त्याने कॅमेरा लावायचा, बाकीच्यांनी फक्त आवाज ऐकायचा.

आता घरोघर फायबर आलं आहे. लॉबीतल्या बशीचा उपयोग कुरिअरवाले आणि लिफ्टचे मेकॅनिक करतात. मागच्या महिन्यात डक्ट साफ केला तेव्हा केबलवाल्याच्या जमान्यातली मेलेली निळी वायर निघाली, दोन गोणी भरून. बशी बदलून नवी घ्यायचा प्रस्ताव यंदाच्या सभेपुढे आहे. तिसरं नेटवर्क अजून चालू आहे, वहीसकट, पण ते फक्त कमिटीच्या तोंडी निर्णयावर. रजिस्टरमध्ये २०१९ चा ठराव तसाच आहे. तो दुरुस्त करण्याचा विषय विषयपत्रिकेत अकराव्या क्रमांकावर आहे आणि सूचक यावेळीही मीच आहे.