गावातील औषधपेटी आणि रुग्णालयातील खाट : जामखेड व गडचिरोली येथील प्रयोगांचा ऐतिहासिक आढावा

दूरच्या गावी औषध पोहोचविल्यास रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या घटते काय, हा प्रश्न दूरध्वनी व संगणकाधारित औषधसेवेच्या संदर्भात आज चर्चिला जातो. महाराष्ट्रात मात्र तो अर्धशतक जुना आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील मिरजगाव, कर्जत, जामखेड हा पट्टा अवर्षणप्रवण. याच पट्ट्यात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. टाळता येण्याजोग्या आजारांचे रुग्ण उपचारानंतर पुन्हा रुग्णालयातच परततात, हा त्यांचा आधीचा अनुभव होता. गावोगावी परिचारिका नेमण्याचा प्रारंभीचा विचार फलद्रूप झाला नाही. त्यामुळे गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर स्त्रियांना प्रशिक्षण देऊन मोजकी औषधे त्यांच्या हाती सोपविण्यात आली. प्रकल्पाच्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ होते. १९७६ मध्ये ते ५२ वर आले. अर्थात पिण्याचे पाणी, पोषण व लसीकरण ही कामेही त्याच काळात झाल्याने याचे सर्व श्रेय औषधपेटीला देणे योग्य ठरणार नाही.

औषधोपचाराचा परिणाम वेगळा काढून पाहण्याचे काम गडचिरोलीत झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून गावातील आरोग्यसेवक व सुईणींमार्फत बालकांच्या न्यूमोनियावर को-ट्रायमोक्साझोल देण्यास प्रारंभ केला. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांखालील बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू प्रयोगक्षेत्रात हजारी ८.१, तर तुलनाक्षेत्रात १७.५ होते.

यापेक्षाही बोलका पुरावा नवजात बालकांविषयीचा आहे. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजातांचे घरी जाऊन निरीक्षण करण्यात आले. निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय उपचारांची गरज होती; डॉक्टरांपर्यंत २.६ टक्के पोहोचली आणि रुग्णालयात दाखल झाली केवळ ०.४ टक्के, म्हणजे तीन बालके. केवळ रुग्णालयाची नोंदवही पाहणाऱ्यास हा प्रदेश निरोगी वाटला असता! पुढे जंतुसंसर्ग झालेल्या बालकास रुग्णालयात नेण्याचा सल्ला देऊनही पालक नकार देत, तेव्हा त्यांच्या संमतीने आरोग्यदूत स्त्रिया घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन देऊ लागल्या. या आजारातील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनाक्षेत्राच्या मानाने ६२ टक्के घट झाली.

ज्या प्रदेशात दाखल होण्याचे प्रमाण मुळातच नगण्य होते, तेथे ते घटले काय असे विचारणे निरर्थक ठरते. ‘रुग्णालयातील भरती घटली’ हा निकष, रुग्णालय आवाक्यात असलेल्या समाजासाठीच अर्थपूर्ण आहे. दुर्गम भागात औषधसेवा सुधारल्यावर योग्य रुग्ण वेळीच ओळखले जाऊन भरती वाढणे, हेही यशाचेच लक्षण असू शकते.

शासकीय धोरणाने या अनुभवाचा स्वीकार अंशतःच केला. २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत ग्रामीण आरोग्यसेवकांना औषधपेटी मिळाली. जामखेडसारखे सातत्याचे प्रशिक्षण व पाठबळ तिच्यामागे उभे राहिले नाही. २०११ मध्ये नवजातांची गृहाधारित काळजी ‘आशा’ कार्यकर्तींकडे आली. मात्र २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी जेंटामायसिन देण्याची मुभा, तीही विशिष्ट परिस्थितीत, उपकेंद्रातील परिचारिकेस दिली. गावातच राहणाऱ्या ‘आशा’स नाही.