बाझलच्या पेढीचे पॅरिसमधील दफ्तर

ऑक्टोबर १९३२ मध्ये पॅरिसच्या शांझेलिझे परिसरात, जेथे बाझलर हांडेल्सबांक या स्विस पेढीचे कारकून धनिकांना रोख्यांचे व्याज करकपात न करता परस्पर चुकते करीत, तेथे पोलिसांनी छापा घालून दफ्तर जप्त केले. नोव्हेंबरात फाबियाँ आल्बेर्तँ या समाजवादी सभासदाने प्रतिनिधिगृहात काही खातेदारांची नावे उघड केली. त्यांत सिनेटर, सेनापती, बिशप, वृत्तपत्रांचे मालकही निघाले. मंदीत होरपळणाऱ्या जनतेचा संताप सर्वथा न्याय्य होता, आणि त्याहून क्लेशकारक ते पुढचे शैथिल्य: स्वित्झर्लंडने चौकशीस साहाय्य नाकारले, खटले रेंगाळले, आणि १९३४ च्या स्विस बँक कायद्याच्या ४७ व्या कलमाने खातेदाराचे गुपित फोडणे हाच फौजदारी गुन्हा ठरविला.