माळ्याची चतुःसीमा

जुन्या इमारतीतील एका शयनगृहाचा ‘लॉफ्ट’ विकणे आहे, अशा मजकुराच्या जाहिराती मोठ्या शहरांच्या वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळतात. आपल्याकडे गवंडी आणि बिल्डर ज्याला लॉफ्ट म्हणतात ती न्हाणीघरावरची सिमेंटची फळी. जुनी घंगाळे, ट्रंका आणि गणपतीच्या मखराचे सामान तिच्यावर चढते व पुढच्या भाद्रपदापर्यंत विसरले जाते. जाहिरातीतला लॉफ्ट म्हणजे राहण्याची जागा. तिच्यासाठी आपल्यापाशी जुना शब्द आहे : माळा. माळा विकावा का, विकल्यास नेमके काय विकले जाते, आणि उरलेल्या घराचे काय होते, हे प्रश्न बेळगाव-निपाणी भागातील कित्येक जुन्या मराठी कुटुंबांपुढे आज उभे आहेत.

कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही बेळगावलगतची जोडगावे. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे, हा फारसीतून आलेला भेद मराठी मुलखात गावोगाव दिसतो. या पट्ट्यातील जुन्या शेतकरी घराची मांडणी सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू अशी असे. तुळयांवर फळ्या टाकून केलेला माळा हे घराचे कोठार होते. पावसाळा मोठा, भाताचे पीक मुख्य. त्यामुळे बियाणे कोरडे राखणे हा जगण्याचाच प्रश्न होता. खालच्या चुलीचा धूर वर जाई, त्याने धान्याला कीड कमी लागे आणि लाकूडही टिके. कानडी घरांत याच जागेला ‘अट्ट’ म्हणतात. संस्कृतातील अट्टालिका त्याच कुळातली. भाषा दोन असल्या तरी गरज एकच होती.

बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ती चपटी कौले पुढे पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर सर्वत्र पसरली. नळीची कौले वारंवार चाळावी लागत, तो त्रास यामुळे कमी झाला. गळती कमी झाली तसा माळा माणसाला राहण्याजोगा झाला. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला, लष्करी छावणी वसली, कचेऱ्या आणि शाळा आल्या. शेजारचे शहापूर मात्र १९४८ पर्यंत सांगली संस्थानात राहिले. अशा शहराला कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी यांना राहण्यास खोल्या हव्या होत्या. जिथे भाताची पोती होती तिथे जिना काढून बिऱ्हाड आले. घरमालकाला भाडे मिळू लागले, बिऱ्हाडकरूला आसरा मिळाला, आणि घराचा वरचा भाग कुटुंबाच्या हातून पहिल्यांदा थोडासा सुटला.

पुढची गोष्ट भाड्याची आहे. महायुद्धानंतरच्या टंचाईत मुंबई राज्याने १९४७ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा केला. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होते. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर येथे म्हैसूर राज्याचा १९६१ चा कायदा आला. भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणे हा या कायद्यांचा हेतू योग्यच होता. पण गोठलेल्या भाड्यातून छपराची डागडुजी होत नाही. मालक म्हणे, राहतो तो दुरुस्ती करील. राहणारा म्हणे, घर ज्याचे तो करील. या वादात वासे कुजत राहिले.

मुंबईत याचे भव्य आणि करुण उदाहरण काळा घोड्याजवळ उभे आहे. १८६७ ते १८६९ या काळात इंग्लंडहून घडवून आणलेल्या लोखंडी सांगाड्यावर वॉटसन हॉटेल उभे राहिले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचे चलच्चित्र भारतात प्रथम तेथेच दाखवण्यात आले. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे तुकडे करून ते भाड्याने दिले गेले, नाव एस्प्लनेड मॅन्शन झाले. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला, आणि २०१९ मध्ये धोकादायक ठरलेली ती इमारत रिकामी करावी लागली. ही एकटीच अशी नव्हती. मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये उपकर बसवला गेला, तेव्हा त्याखाली १९,६४२ इमारती आल्या होत्या.

न्यूयॉर्कच्या सोहो भागात वळण निराळे लागले. एकोणिसाव्या शतकातील ओतीव लोखंडी दर्शनी भागांचे कारखाने आणि वखारी दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडू लागल्या. चित्रकार व शिल्पकार नियम मोडून वरच्या मजल्यांवर राहू लागले. महापालिकेने १९७१ मध्ये कलावंतांच्या निवासास मान्यता दिली, १९७३ मध्ये तो परिसर ऐतिहासिक म्हणून जाहीर झाला, आणि १९८२ च्या लॉफ्ट कायद्याने अशा रहिवाशांना संरक्षण मिळाले. इमारती वाचल्या, मात्र किमती इतक्या चढल्या की ज्यांनी त्या वाचवल्या त्या कलावंतांपैकी पुष्कळांना तेथे राहणे परवडेनासे झाले. म्हणजे हे यशही निखळ नव्हे. पण एक गोष्ट दिसते : वर राहणाऱ्याचा हक्क स्पष्ट झाला की छपराला वाली मिळतो.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या जुन्या खरेदीखतांत, त्यांतली कित्येक मोडीत आहेत, मिळकतीची चतुःसीमा सांगितलेली असते : पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. वरची आणि खालची सीमा सांगण्याची तेव्हा गरजच नव्हती, कारण जमिनीपासून आढ्यापर्यंत घर एकाच कुळाचे होते. माळा विकायचा तर मात्र चार सीमा पुरत नाहीत, सहा लागतात. पायाखालची तुळई कोणाची? डोक्यावरचे कौल कोणाचे? जिन्याची वाट कोणाच्या सोप्यातून? हे कागदावर न आणता केलेला व्यवहार पुढच्या पिढीला कोर्टाची पायरी दाखवतो.

कायद्याने याचा विचार केलेला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला तरी त्याला घरात सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावल्यास, १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे, तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीस परत घेण्याची संधी कुटुंबीयांना मिळते. कर्नाटकाने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला. तेव्हा सासरी गेलेल्या लेकींना वगळून भावाभावांनी केलेली विक्री आता टिकणारी नाही. दुसरीकडे १९७२ चा कर्नाटकाचा अपार्टमेंट मालकी कायदा पाया, मुख्य भिंती आणि छप्पर यांना सामाईक मानतो. प्रत्येक सदनिकेबरोबर त्यांतला अविभक्त हिस्सा जातो आणि तो सदनिकेपासून तोडून विकता येत नाही.

हा शेवटचा नियम वाचताना आम्हांस जुन्या एकत्र कुटुंबाची आठवण होते. तेथेही खोल्या वेगळ्या आणि छप्पर एक होते. भेद इतकाच की तेव्हा कौले परतण्याची वेळ आली की सांगणारा कर्ता पुरुष घरात असे, आणि आज ते काम नोंदवलेल्या घोषणापत्राला करावे लागते.

म्हणून माळा विकण्यात कुळाला कमीपणा आहे असे आम्ही मानीत नाही. मुले पुण्याला, बंगळूरला वा परदेशी गेली, खाली दोन वृद्ध जीव उरले, आणि वर कुलूप लागले, तर त्या कुलपानेच घर आधी मरते. पावसाळ्यात वर कोणी झोपत असेल तर पहिला ठिपका त्याच्या अंथरुणावर पडतो, आणि तोच सकाळी गवंड्याला बोलावतो. ज्यांच्या पूर्वजांनी या सीमेवरच्या मातीत घरे बांधली त्यांनी विक्रीपूर्वी तीन गोष्टी कराव्यात : मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावेत, लेकींसह सर्व वारसांची संमती घ्यावी, आणि छपराचा खर्च कोणी किती सोसायचा ते खरेदीखतातच लिहावे. तेवढे केले तर परका माणूसही त्या घराचे आढे आपले समजून राखील.