केवलादेव राष्ट्रीय उद्यान

केवलादेव राष्ट्रीय उद्यान : राजस्थानातील भरतपूर शहरालगतचे, मुख्यतः पाणपक्ष्यांसाठी राखलेले पाणथळ व वनक्षेत्र. क्षेत्रफळ सुमारे २९ चौ. किमी. आग्र्याच्या पश्चिमेस सुमारे ५५ किमी.वर आहे. ‘भरतपूरचे पक्षी अभयारण्य’ हे जुने नाव अजून रूढ आहे. स्थानिक लोक त्याला ‘घना’, म्हणजे दाट रान, म्हणतात. केवलादेव हे उद्यानात असलेल्या शिवमंदिराचे नाव. येथे साडेतीनशेहून अधिक पक्षिजातींची नोंद झाली आहे. हे रान पाहताना निसर्गनिर्मित वाटते. पण त्याचे पाणी, बांध आणि तळ्यांतील झाडांचे उंचवटे ही सर्व माणसाची करणी आहे. त्यामुळे येथील संरक्षणाचा प्रश्न मुख्यतः पाण्याच्या व्यवस्थेचा प्रश्न ठरला आहे.

इतिहास : हा मूळचा खोलगट भाग. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचे पाणी येथे साचत असे. भरतपूरचा राजा सूरजमल (१७०७–१७६३) याने पूर अडविण्यासाठी अजान बांध घातला. मराठी वाचकांना हा राजा वेगळ्या संदर्भात परिचित आहे. १७५४ मध्ये त्याच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला असताना मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव मारले गेले. आणि तरीही १७६१ मध्ये पानिपतावरून परतणाऱ्या मराठ्यांना आसरा दिला तो याच सूरजमलाने.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर संस्थानाने अजान बांधाचे पाणी कालव्याने या भागात खेळविले, आतून लहान बांध घालून तळ्यांचे कप्पे पाडले आणि बदकांच्या शिकारीचे राखीव क्षेत्र तयार केले. व्हाइसरॉय व बडे पाहुणे यांच्यासाठी हिवाळ्यात येथे शिकारी होत. मंदिराजवळ उभ्या असलेल्या दगडी फलकांवर त्यांचा हिशेब कोरलेला आहे : तारीख, मुख्य पाहुणा, बंदुकांची संख्या आणि पडलेले पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो पाहुणे असताना, ४,२७३ पक्षी मारले गेले.

स्वातंत्र्यानंतर ही जमीन शेतीसाठी मोकळी करावी अशी मागणी पुढे आली. ती मान्य होऊ नये म्हणून मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली (१८९६–१९८७) यांनी प्रयत्न केले. १९५६ मध्ये हे क्षेत्र अभयारण्य झाले. संस्थानिकांचे शिकारीचे हक्क मात्र १९७२ पर्यंत टिकले. १९८१ मध्ये ओडिशातील चिल्का सरोवराबरोबर हे भारतातील पहिल्या दोन रामसर स्थळांपैकी (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांपैकी) एक ठरले. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

पाणी आणि वनस्पती : उद्यानाचा सुमारे एक तृतीयांश भाग पाणथळ असून उरलेल्या भागात झुडपी रान, गवताळ माळ व विरळ जंगल आहे. पावसाळ्यात पाणी आत घेतले जाते आणि लोखंडी दारांच्या मोऱ्यांतून एकेका कप्प्यात सोडले जाते. उद्यानातील एका प्रमुख चौकाचे ‘सापन मोरी’ हे नाव याच व्यवस्थेची आठवण देते. उन्हाळ्यापर्यंत बहुतेक तळी आटतात, आणि उरलेल्या डबक्यांत कोंडलेल्या माशांवर पक्ष्यांची झुंबड उडते. पाण्याची ही चढ-उतार दलदलीला आवश्यक असते.

कोरड्या भागात कळंब, जांभूळ, बाभूळ, बोर, नेपती आणि पिलू ही झाडे आहेत; माळावर वाळा उगवतो. वेडी बाभूळ हे परदेशी झाड मात्र येथे बेसुमार माजले. लाकूड घेऊन जाण्याच्या बोलीवर परिसरातील गावकऱ्यांकडून ते मुळासकट उपटून घेण्याचा उपाय करण्यात आला.

पक्षी व इतर प्राणी : पावसाळ्यात तळ्यांतील उंचवट्यांवर लावलेल्या बाभळींवर पाणपक्ष्यांची वसाहत भरते. चित्रबलाक, मुग्धबलाक, चमचा, शराटी, पाणकावळे, तिरंदाज आणि बगळे एकाच झाडावर मजले वाटून घेतल्यासारखे घरटी करतात. चित्रबलाकाची मासेमारी थांबून पाहण्यासारखी असते. तो गुडघाभर पाण्यात अर्धवट उघडी चोच बुडवून उभा राहतो, एका पायाने तळ ढवळतो आणि मासा चोचीला लागताच ती मिटतो. त्याला नजरेची फारशी गरज पडत नाही. उथळ पाणी मात्र लागतेच. दुपारच्या उन्हात पिल्लांवर पंख पसरून उभे राहिलेले पालक पक्षीही दिसतात. नदीच्या पाण्याबरोबर वाहत येणारी माशांची पिले हे या पिल्लांचे मुख्य अन्न असल्याने पाणी वेळेवर आले नाही, तर वसाहत ओस पडते.

हिवाळ्यात उत्तरेकडून कलहंस, पट्टकादंब, तलवार बदक, थापट्या, चक्रवाक यांचे थवे येतात. सारसाची जोडी येथे बारमाही दिसू शकते. नीलगाय, सांबर, चितळ व कोल्हा हे प्रमुख सस्तन प्राणी आहेत. थंडीत साळिंदराच्या बिळांच्या तोंडाशी अजगर ऊन खात पडलेले आढळतात.

चराईबंदीचा अनुभव : राष्ट्रीय उद्यान होताच १९८२ मध्ये आत गुरे चारण्यास मनाई झाली. पिढ्यान्‌पिढ्या येथे म्हशी सोडणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांच्या गोळीबारात काही जणांचे प्राण गेले. गुरे पक्ष्यांना घातक, अशी तेव्हाची समजूत होती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून उलटेच चित्र समोर आले. म्हशी पाण्यातले गवत खाऊन तळ्याचा पृष्ठभाग मोकळा ठेवत होत्या. त्या गेल्यावर गवताने तळी व्यापली आणि बदकांना उतरायला जागा उरेना. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. म्हशींचे काम माणसांवर आले.

सायबेरियन क्रौंच : या पांढऱ्याशुभ्र पक्ष्यासाठी भरतपूर जगभर ओळखले जाई. दलदलीतील लव्हाळ्याचे कंद हे त्याचे आवडते खाद्य. १९६४-६५ च्या हिवाळ्यात येथे सुमारे २०० क्रौंच होते. संख्या घटत जाऊन २००१-०२ च्या हिवाळ्यात अखेरची जोडी दिसली. स्थलांतराच्या वाटेवर, विशेषतः अफगाणिस्तान व पाकिस्तानात, झालेली शिकार हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. उद्यानाभोवतीच्या दोन मीटर उंच भिंतीचा क्रौंचाला उपयोग नव्हता. स्थलांतराच्या अशा वाटा कळाव्यात म्हणून सालीम अली व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे हजारो पक्ष्यांच्या पायांत मुंबईच्या संस्थेचे नाव कोरलेली कडी अडकविली होती.

पाण्याची टंचाई : गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यावर अजान बांधाकडे येणारे पाणी रोडावले. शेतीची गरज आधी की पक्ष्यांची, यावरून विशेषतः २००४ पासून तीव्र वाद झाला आणि काही वर्षी तळी जवळजवळ कोरडी राहिली. २०१२ पासून गोवर्धन नाल्याचे पाणी जलवाहिनीने येऊ लागले; चंबळ योजनेतूनही काही पाणी मिळते. तथापि नदीच्या पुराबरोबर येणारी माशांची पिले आणि पाणवनस्पतींचे बी नळाच्या पाण्यातून त्या प्रमाणात मिळत नाही.

भेट : उद्यान वर्षभर खुले असते. घरटी व पिल्ले पाहायची तर ऑगस्ट ते ऑक्टोबर, पाहुणे पक्षी पाहायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुके असते. अशा वेळी पक्षी आधी ऐकू येतात, दिसतात नंतर. पाहणी पायी, भाड्याच्या सायकलवर किंवा रिक्षाने करतात. येथील रिक्षाचालक हेच बहुतेकांचे वाटाडे. वन विभागाचे प्रशिक्षण घेतलेले हे चालक दिवसा फांदीला चिकटून झोपलेला रातवा चालत्या रिक्षातून नेमका दाखवितात. मुख्य डांबरी रस्ता सरळ मंदिरापर्यंत जातो. खरे पक्षिदर्शन मात्र त्याला फुटणाऱ्या बांधांवरच्या पायवाटांवर होते. दुर्बीण, पाणी आणि मातकट रंगाचे कपडे बरोबर असावेत. निघण्यापूर्वी त्या वर्षी तळ्यांत पाणी किती सोडले आहे याची चौकशी अवश्य करावी. तिथीपेक्षा त्यावरच भेटीचे फळ अवलंबून असते.

निफाड तालुक्यातील गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेले हे ठिकाणही विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे निर्माण झाले आहे. पक्ष्यांच्या विपुलतेबरोबर हेही दोघांतले साम्य आहे.